दाबलं की कळलं पाहिजे

"बटण दाखव, बटण! काच नको दाखवू मला! काच घरी कपाटाला हाय!"

लातूरला गंजगोलाईच्या एका बोळात, मोबाइलच्या दुकानात मन्मथअप्पा ओरडत होते. मी त्यांच्या मागे, ह्या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून उभा होतो. अप्पांचा आवाज साधा नव्हता. त्या आवाजानं काउंटरच्या काचेखालचे चार फोन एकदम उजळले आणि एकानं तर घाबरून स्वतःहूनच कुणाला तरी फोन लावला. खोटं वाटत असेल तर त्या दुकानदाराला विचारा. बाकी त्या दुकानदाराला अजून नीट ऐकू येत असेल याची मला खात्री नाही.

दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं एक छोटा फोन पुढं सरकवला. "अप्पा, बटणाचा पायजे ना? हा घ्या. टॉर्च हाय, रेडिओ हाय, पडला तरी फुटत न्हाई."

"ह्याच्यात ग्रुप चालतो का?"

"न्हाई."

"मग हा काय बैलाच्या गळ्यात बांधू? वर ग्रुप पायजे, आन् खाली एकेका अक्षराला एकेक बटण पायजे. तसला दे."

"तसला माल आता येत न्हाई."

"कामून येत न्हाई?"

"मानसांला नको हाय."

"मग मी कोन हाय?"

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. त्या बोळातलं हे आमचं सातवं दुकान होतं. सातही ठिकाणी अप्पांनी हाच प्रश्न विचारला आणि सातही दुकानदारांनी माझ्याकडंच पाहिलं.

मन्मथअप्पा अहमदपुरात माझे शेजारी. मी शाळामास्तर, ते बैलांचे दलाल. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवर हात टेकून त्यांनी मला वीस वर्षं जेवढं शिकवलं, तेवढं मी शाळेत कुणालाही शिकवू शकलो नाही. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर भगवट रंगाचा पंचा. पंचा घाम पुसायला नव्हता. अप्पांचं सगळं दुकान त्या पंच्याखाली होतं.

जनावराच्या बाजारात जुनी रीत होती, अजूनही आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल समोरच्याचा हात आपल्या पंच्याखाली घेतो. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावरून आकडा कळतो. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी सौदा फक्त दोन पंज्यांना ठाऊक. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या. हाळीच्या बाजारात मी अप्पांना एकाच वेळी उजव्या हातानं देवणी जोडी विकताना, डाव्या हातानं लाल कंधारी गोऱ्हा घेताना आणि तोंडानं माझ्याशी दहावीच्या निकालावर बोलताना पाहिलंय. पायही मोकळे असते तर त्यांनी अजून दोन बैल खपवले असते.

"सर, दाबलं की कळलं पायजे," हे त्यांचं पालुपद. "मला बी कळलं पायजे आन् समोरच्याला बी. मधी शंका ऱ्हायली की सौदा मोडला."

त्यांच्या बोटांची कीर्ती देगलूरपर्यंत होती. बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की ते त्याचं वय, खोड आणि आधीच्या मालकाचा स्वभाव सांगत. आमच्या शाळेत नवीन मुख्याध्यापक आले तेव्हा अप्पांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि मला भिंतीवरून हळूच सांगितलं, "हा गडी वर्ष काढायचा न्हाई. कामाला लावला की बसतो." मुख्याध्यापक आठव्या महिन्यात दीर्घ रजेवर गेले. माझाही हात त्यांनी एकदा धरला होता. बराच वेळ दाबून म्हणाले, "तुमी जोडीत चालणार न्हाई, सर. एकट्यानंच वढणार, आन् वढताना लई कुरकुरणार." मी हसलो. आमची मंडळी आतून मोठ्यानं हसली.

मग तो हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा मला दिसलं ते चहाच्या बशीमुळं. बशी कपाखाली आपली आपण वाजत होती. अप्पांनी कप खाली ठेवला, पंचा हातावर ओढला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चोरून त्यांच्या घरात शिरलो होतो. "सर, हे भिंतीच्या अल्याडच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ज्याचा हात हालतो, त्याच्या हाताखाली जनावर हुबं ऱ्हात न्हाई. आन् मानूस तर त्याहून न्हाई." पंच्याखाली बोट हललं की भाव हलला. बाजाराला कळलं असतं तर अप्पा दुसऱ्या दिवशी संपले असते.

अप्पांनी काय केलं असेल? पुढच्या बाजारात चारचौघांत जाहीर केलं, की आजपासून मन्मथअप्पा पंच्याखाली हात घालणार नाही. शेतकऱ्याला अंधारात ठेवणं पाप आहे. आजपासून उघड बोली, तोंडानं. बाजार चाट पडला. व्यापाऱ्यांनी शिव्या दिल्या, शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि महिन्याभरात अप्पांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, तीन भाषणं. एका वक्त्यानं तर त्यांना समाजसुधारकांच्या ओळीत बसवलं. अप्पा शाल हातावर घट्ट लपेटून बसले होते. लोकांना वाटलं भारावलेत. खरी गोष्ट सभेत दोघांनाच ठाऊक होती आणि त्यातला एक मी टाळ्या वाजवत होतो.

अप्पांचे थोरले बंधू किल्लारीच्या बाजूला एका गावात. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अप्पांची आई ते लहान असतानाच गेली. अण्णांची बायको, म्हणजे अप्पांच्या वैनी, यांनी त्यांना वाढवलं. अप्पा वैनींचं नाव काढताना खालच्या आवाजात बोलत आणि त्यांच्या खालच्या आवाजासाठी आम्हाला भिंतीवर ओणवं व्हावं लागे. या वैनी वारल्या. मातीला अप्पा गेले, पोरासारखे रडले. वर्षानंतर प्रथम पुण्यस्मरण होतं. त्या दिवशी अप्पा गेले नाहीत, देगलूरकडं एक जोडी बघायला गेले. पुण्यस्मरणाला का गेला नाहीत असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पंगतीत पानी वाढायला लावत्यात, सर. तांब्या धरावा लागतो."

भावकीचा फोनवर एक ग्रुप होता, दोन-अडीचशे माणसांचा. त्या सकाळी पुतण्यानं ग्रुपवर वैनींचा हार घातलेला फोटो टाकला. सगळ्यांनी खाली हात जोडले. अप्पांकडं जावयानं दिवाळीला दिलेला काचेचा फोन होता. देगलूरच्या रस्त्यावर, जीपमध्ये बसून त्यांनीही फोटोवर बोट दाबून धरलं. सहा छोटी चित्रं आली. हात जोडलेलं चित्र शेवटी होतं. बोट हललं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं तोंड वैनींच्या हाराखाली जाऊन बसलं.

ते पुसायला गेले तर बोट पुन्हा हललं. हसणारं तोंड गेलं आणि त्या जागी अंगठा आला.

म्हणजे भावकीनं काय पाहिलं? जिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिच्या पुण्यस्मरणाला हा आला नाही. वरून फोटोला हसला. आणि मग अंगठा दाखवला.

अप्पा संध्याकाळी परतले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. "सर, हे पुसा," एवढंच म्हणाले. मी पुसलं. पण अडीचशे माणसांच्या डोक्यातलं मी कसं पुसणार? अप्पांनी अण्णांना फोन लावला. तो कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग अण्णांचा फोन त्यांच्यासाठी कायमचा मुका झाला. पुतण्याच्या साखरपुड्याची पत्रिका अहमदपुरात आमच्या शाळेच्या शिपायाला आली, शेजारी अप्पांना आली नाही.

"मी लिहून देतो ना ग्रुपवर," मी म्हणालो. "तुम्ही सांगा, मी टाइप करतो. हाताचं खरं ते सांगून टाकू."

"हाताचं न्हाई," अप्पा म्हणाले. "ग्रुपमदी चार व्यापारी हायेत. आन् माफी काय दलालामार्फत मागायची, सर? मी जन्मभर दलाली केली. मधल्या मानसाच्या तोंडात माल कसा बदलतो ते मला म्हाईत हाय. चारचौघांत चूक झाली, चारचौघांतच लिहिणार, आन् माझ्या बोटानं लिहिणार."

"मग आवाज रेकॉर्ड करून टाका."

"ते अण्णानं उघडलं तर ना! लिवलेलं डोळ्याम्होरं आपोआप येतं."

काचेवर त्यांचं बोट टेकायच्या आधीच अक्षर उमटे, एकाऐवजी चार. दाबलं की कळलं पाहिजे, आणि काच तर न दाबताच सगळं कळून घेत होती. म्हणून बटणाचा फोन हवा, ज्यात थरथरलेलं बोट नुसतं फिरलं तर काही होणार नाही, ठरवून दाबलं तरच अक्षर येईल. हे इतकं बरोबर होतं, की मला त्यात काही खोट सापडली नाही. आज सापडते. त्या वेळी मी मोटारसायकलला किक मारली.

लातूर झालं. सात दुकानांनी नाही म्हटलं. एकानं अप्पांना काचेवर वापरायची पेन्सिल दिली. अप्पांनी ती कानात घालून बघितली आणि परत केली.

मग त्यांनी ठरवलं, फोन मिळेपर्यंत सिमकार्डाची कंपनी तरी नक्की करू. अप्पा कोणतीही गोष्ट पारखल्याशिवाय घेत नसत. माझा फोन एका कंपनीचा, त्यांचा दुसऱ्या, त्यांच्या मंडळींचा, म्हणजे काकूंचा, तिसऱ्या. आठवडाभर तिन्ही फोन त्यांनी बाजारात, मळ्यात, एसटीत फिरवले आणि तिन्ही कंपन्यांना बैलांसारखी नावं ठेवली. एक मारका: दिवसभर रिचार्जच्या मेसेजनं ढुशा देणारा. एक बशा: रेणापूर ओलांडलं की मधेच बसणारा, शेपूट पिरगाळली तरी न उठणारा. आणि एक भित्रा: आभाळात ढग दिसला की पळून जाणारा. "तिघांतला एक बी नांगराला चालणार न्हाई," अप्पा म्हणाले. "पन आपल्याला नांगरायचं न्हाई. अण्णाच्या गावात कोन चालतो तेवढंच बघायचं."

आणि ते बघायला आम्ही अण्णांच्या गावाला गेलो. शंभर किलोमीटर, मोटारसायकलवर, कमरेचे तुकडे करून. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. शिवेवरून अण्णांच्या घरावरची पाण्याची टाकी दिसत होती. तिथं अप्पांनी मला गाडी थांबवायला लावली. तिन्ही फोन बाहेर काढले. दोन पंच्यात गुंडाळून डोक्यावर धरले, एक मला दिला आणि आम्ही दोघं भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, आभाळाला फोन दाखवत उभे राहिलो.

"मारका तीन काड्या," मी म्हणालो.

"बशा उठला का?"

मी त्यांच्या डोक्यावरच्या पंच्यात डोकावलो. "अर्धा उठलाय."

एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन गावाकडं निघाली होती. थांबली. भाऱ्याखालून निरखून बघत म्हणाली, "मन्मथ न्हवं का रं तू? उन्हात कामून हुबा? घरी जा की. अण्णा हाय ना घरी. आत्ताच बघून आले, वसरीत बसलाय."

अप्पांचे डोक्यावर धरलेले हात थरथरत होते. पंचा वाऱ्यानं हलल्यासारखा हलत होता, आणि वारा तर नव्हता. "न्हाई मावशी," ते म्हणाले. "जरा रेंज बघायलोय."

म्हातारी गेली. मी म्हणालो, "अप्पा, इथवर आलोच आहोत."

"फोन येऊ द्या, सर. आधी लिहितो, मग जातो. न लिहिता गेलो तर तो दारातच इचारल, हसला कामून म्हनून. काय सांगू?"

"खरं सांगा."

अप्पांनी फोन खाली घेतले. मारका निवडला, गाडीवर बसले. मी गाडी वळवली. मी गाडी वळवली, हे वाक्य मी इतक्या वेळा मनात लिहून पाहिलंय, पण त्यात कर्ता बदलता येत नाही.

फोन शेवटी नांदेडला मिळाला. जुने फोन विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या खोक्यात, चार्जरांच्या वेटोळ्याखाली. वर काच, खाली मक्याच्या दाण्यांसारखी बारीक बटणं, एकेका अक्षराला एकेक. ग्रुप उघडायचा, पण उघडेपर्यंत माणसाचा चहा व्हायचा. अप्पांनी एक बटण दाबलं. टक् असा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा दाबलं. टक्.

"कळलं," ते म्हणाले.

बटणांवर अक्षरं इंग्रजी होती. मी पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे करून त्यावर मराठी अक्षरं लिहून चिकटवली. त्यात माझा एक रविवार आणि डोळ्यांचा एक नंबर गेला. अप्पा लिहायला शिकले. फोन होता, कंपनी होती, बोटं चालत होती. आता काही राहिलं नव्हतं.

आणि अप्पा लिहीत राहिले. चैत्र गेला, वैशाख गेला. रोज दुपारी ओट्यावर बसून टक्, टक्. "झालं का, अप्पा?" मी भिंतीवरून विचारी. "होत आलं. जरा घासून घेतो." दिवाळी आली. पुतण्याचं लग्न झालं. वऱ्हाडाची गाडी अहमदपूरवरून गेली, आमच्या चौकात चहाला थांबली आणि पुढं गेली. अप्पांनी त्या दिवशी ओट्यावरून मान वर केली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असंच. थंडीचे दिवस, सकाळचं ऊन ओट्यावर आलेलं. फोन दोन गुडघ्यांत धरलेला. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं होतं, एखादं वासरू पळू नये म्हणून धरतात तसं. बोट बटणावर नेत, थांबवत, थरथर ओसरायची वाट बघत आणि मग दाबत. मी शाळेत निघालो होतो. हात केला. त्यांनी मान हलवली, कारण हात मोकळा नव्हता.

चार दिवसांनी मी परीक्षेच्या कामाला लातूरला असताना, बसल्या जागी ते गेले.

मातीला अण्णा आले. लिंगायतांच्या रीतीनं मिठात, भस्मात बसवलेल्या भावाला पाहिलं आणि एका बाजूला जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी काकूंनी तो फोन माझ्या हातात दिला. "बघा सर, काय लिवत होते ते. मला वाचता येत न्हाई."

मी वाचलं. लांबलचक होतं, शाळेच्या फळ्यावर मावलं नसतं. सुरुवातीला काचेच्या फोनमध्ये काय खोड असते ते होतं. मग ती सहा चित्रं किती जवळजवळ असतात ते. मग तीन कंपन्यांची माहिती आणि शिवेवर कुणाच्या किती काड्या आल्या. नांदेडच्या दुकानाचा पत्ता होता. माल खराब होता, दलालाचा दोष नव्हता, असा सगळा मजकूर. शेवटपर्यंत गेलो. माफीचा शब्द कुठंच नव्हता. हाताचा उल्लेख तर नव्हताच. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. नव्हताच.

अण्णा पारावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि जे तीन वर्षं भिंतीच्या अल्याड ठेवलं होतं ते एका दमात सांगितलं. हात कसा थरथरायचा, शाल का लपेटली, पुण्यस्मरणाला का आले नाहीत, हसणारं चित्र कसं पडलं, अंगठा कसा पडला. ही बटणं बघा, ही अक्षरं मी चिकटवलीत, हे तुमच्यासाठीच लिहीत होते. मी फोन पुढं केला.

अण्णांनी फोन हातात घेतला नाही. पंच्यानं तोंड पुसलं.

"हाताचं मला म्हाईत होतं, सर," ते म्हणाले. "आमच्या बापाचा बी असाच हालायचा. मन्मथचे पाय तर धड होते की, दारापर्यंत यायला."